"तू शाळेत येऊ नकोस" असे मुलगाच म्हणतो, तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा, चुकले असेल तर सांगा. मुलगा नववीत आहे. चौथीपर्यंत वाड्यावरच्या मराठी शाळेत होता, पाचवीपासून फोंड्याकडच्या हायस्कुलात. पाचवीच्या पहिल्याच महिन्यात इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचताना त्याने 'आयलंड' हा शब्द जसा लिहिला होता तसाच 'इसलँड' असा वाचला, आणि तेच त्याचे नाव पडले. चार वर्षे झाली, नाव सुटलेले नाही. बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, मागच्या सीटवरची तीन-चार मुले त्याची बॅग इकडून तिकडे टाकत राहतात. आता बसमध्ये डुलकी लागलेली असताना काढलेल्या फोटोचा स्टिकर करून तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवतात. तो तुम्ही पाहिलात. विचारले तर मुलगा म्हणतो, "मस्करी ती." हेडमास्तरांकडे जाते म्हटल्यावर मात्र रडला आणि म्हणाला, "तूं शाळेंत येवं नाका गो." तुम्ही विचारता, जाऊ की नको?

जायचे आहे. पण कोणाकडे जायचे आणि तिथे काय मागायचे, हे ठरवण्याआधी मुलगा चार वर्षे गप्प का राहिला आणि ज्याला आपण छळ म्हणतो त्याला तो मस्करी का म्हणतो, हे समजून घ्यावे लागेल. त्या दोन गोष्टी न कळताच शाळेत गेलेले पालक मी खूप पाहिले आहेत. बहुतेकांच्या मुलांचा पुढचा आठवडा आधीच्यापेक्षा वाईट गेला.

मी गोव्यातल्या हायस्कुलांत शालेय समुपदेशक म्हणून १७ वर्षे काम करते आहे, जास्त करून फोंडा, डिचोली आणि सत्तरीत. तुमच्या मुलाला मी भेटलेले नाही, त्याची शाळा कशी आहे हे मला माहीत नाही. त्याचे क्लास टीचर ऐकून घेणारे आहेत की "मुलगेच ते, चालायचंच" म्हणणारे, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून आहे. मुलाचा एखादा तरी मित्र आहे का, यावर त्याहून जास्त. एक गोष्ट मात्र कशावरच अवलंबून नाही. कोणी त्याच्याकडून पैसे काढत असेल, अंगावर वळ किंवा जखमा दिसत असतील, कपडे बदलतानाचा वा तसला काही फोटो कोणाकडे असेल, किंवा मुलगा 'मी नसलो तर बरे' अशा अर्थाचे काही बोलत असेल, तर खालचे काही वाचत बसू नका. आजच शाळेत जा आणि त्याला एकटे ठेवू नका. मुलाच्या नाखुशीचा मान राखण्याची ती वेळ नव्हे.

तुमच्या वर्णनात तसे काही दिसत नाही, म्हणून पुढे लिहिते.

वर्गात पहिल्या तासाला मी मुलांना चिठ्ठ्या देते, नाव न घालता लिहायला सांगते: बुलिंग म्हणजे काय? उत्तरे दरवर्षी जवळपास तीच. मारणे, डबा काढून घेणे, बाथरूममध्ये कोंडणे. टोपणनाव, बॅग फेकणे, टीममध्ये न घेणे, ग्रुपमधून काढणे हे फार थोड्या चिठ्ठ्यांवर येते. मग मी तीच गोष्ट उलटी विचारते: शाळेत तुला सर्वांत वाईट कधी वाटले? आता चिठ्ठ्या भरतात नावांनी, हसण्याने, "कोणी शेजारी बसले नाही"ने. म्हणजे त्रास कुठे होतो हे मुलांना नेमके ठाऊक असते. त्या त्रासाला 'बुलिंग' हा मोठा, पोस्टरवरचा शब्द लावायला ती तयार नसतात, कारण तो शब्द लावला की एकजण बिचारा ठरतो. नववीतल्या मुलाला मार खाल्लेला चालतो, बिचारा ठरलेला चालत नाही. तुमचा मुलगा 'मस्करी' म्हणतो तेव्हा तो तुम्हाला फसवत नाही, आपली उरलीसुरली पत राखतो आहे.

नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी या विषयाचा पाया घातला. त्यांनी तीन खुणा सांगितल्या: दुखवायचा हेतू, पुन्हा पुन्हा होणे, आणि दोघांच्या ताकदीत फरक. पुस्तकात हे ठीक आहे. पण मला त्याहून उपयोगी व्याख्या डिचोली तालुक्यातल्या आठवीच्या एका मुलीने दिली. मी फळ्यावर मस्करी आणि छळ असे दोन रकाने करून बसले होते. ती म्हणाली, "टीचर, मस्करींत पाळी बदलता." मस्करीत पाळी बदलते. आज तुझ्यावर हसलो, उद्या माझ्यावर. जिथे रोज एकाचीच पाळी येते, तिथे मस्करी संपली. मी फळा पुसला आणि तेवढे एकच वाक्य लिहिले. तेव्हापासून प्रत्येक शाळेत तेच लिहिते. मुलांना ते लगेच पटते, कारण ते त्यांच्याच मापातले आहे. आज तुमच्या मुलाशी बोलताना 'बुलिंग' हा शब्द काढूच नका. एवढेच विचारा, "बसमध्ये दुसऱ्या कोणाची बॅग फेकतात का रे? तुझी पाळी किती वेळा येते?"

आता त्याच्या गप्प राहण्याविषयी. पालकांना वाटते, मूल भित्रे आहे किंवा आपल्यावर त्याचा विश्वास नाही. माझ्या अनुभवात बहुतेकदा तो हिशेब असतो, आणि हिशेब बरोबर असतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी म्हटले, मला आधी का नाही सांगितलेस? तो शांतपणे म्हणाला, "टीचर, तुम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी येता. बालरथ रोज येतो." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्हा समुपदेशकांकडे एकाहून जास्त शाळा असतात, आम्ही पाहुणेच. शिक्षकही तास संपला की जातात. रोज सकाळी पाऊण तास आणि दुपारी पाऊण तास त्या पिवळ्या बसमध्ये ज्यांच्यासोबत काढायचा आहे, त्यांच्याशी वैर घ्यायचे की नाव सोसायचे? चौदा वर्षांच्या मुलाने नाव सोसायचे ठरवले, तर त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याच्या हिशेबात आणखी एक रक्कम असते, ती म्हणजे मोठ्या माणसांचा हस्तक्षेप. तो फसतो हे मुलांना माहीत असते. यात माझा स्वतःचा वाटा सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शाळेत असेच प्रकरण आले. मी दोघांनाही माझ्या खोलीत समोरासमोर बसवले, दोघांचे ऐकले, मोठ्याने 'सॉरी' म्हणायला लावले, हात मिळवायला लावले. मला वाटले, छान झाले. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाचे नाव पडले 'कावन्सेलराचो पूत', समुपदेशकाचा पोरगा. पूर्वी फक्त वर्गात चिडवत, आता वरच्या वर्गातलेही चिडवू लागले. आठवडाभराने तो माझ्या दारावरून मान खाली घालून गेला, आत आला नाही. हात मिळवणे भांडणात चालते. भांडणात दोघे बरोबरीचे असतात, दोघांची काही ना काही चूक असते. इथे ताकद एकाच बाजूला असते. तिथे दोघांना समोरासमोर बसवणे म्हणजे कमजोर मुलाला सगळ्यांसमक्ष पुन्हा एकदा कमजोर दाखवणे. शाळेत तुम्हाला कोणी म्हणाले, "दोघांना बोलावून मिटवून टाकू", तर नम्रपणे पण ठामपणे नको म्हणा. या संपूर्ण उत्तरातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

मग उपाय कुठे सापडतो? मला तो बहुतेकदा छळणाऱ्यात सापडत नाही, छळल्या जाणाऱ्यातही नाही. तो बघणाऱ्यांत सापडतो. बॅग फेकतात तीन-चार मुले, पण बसमध्ये बसलेली असतात तीसेक. फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की अशा प्रसंगात वर्गातल्या जवळपास प्रत्येकाची काही ना काही भूमिका असते. कोणी साथीला धावतो, कोणी हसून पेट्रोल ओततो, कोणी दुसरीकडे बघतो, एखाददुसरा आड येतो. पुढे त्याच विचारावर 'किवा' नावाचा कार्यक्रम उभा राहिला आणि २००९ पासून तो फिनलंडच्या शाळांत देशभर सुरू झाला. कॅनडात संशोधकांनी प्राथमिक शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून पाहिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात छळाच्या १०० पैकी ८८ प्रसंगांत इतर मुले हजर होती, आड आली फक्त १९ प्रसंगांत. पण आड आली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार १० सेकंदांच्या आत थांबला. ती मुले तुमच्या मुलापेक्षा लहान होती, देश वेगळा, मैदान वेगळे. तरी मला आपल्याकडेही तेच दिसते. "पुरे रे आता" एवढे शेजारच्याने म्हटले की खेळातली हवा जाते.

हसणारी मुले वाईट असतात का? मी त्यांनाही विचारते. एक मुलगा म्हणाला, "हांसलों ना जाल्यार फुडलो हांव." हसलो नाही तर पुढचा मी. त्याचे हसणे म्हणजे विम्याचा हप्ता होता. यातल्या बऱ्याच जणांना आतून लाज वाटते, चिठ्ठीवर ती लिहितातही. एकच अडचण. प्रत्येकाला वाटते की बाकीच्यांना खरोखरच मजा वाटते आहे, आपणच तेवढे वेगळे. मी नावे न सांगता त्यांच्या चिठ्ठ्या त्यांनाच वाचून दाखवते. वर्ग गप्प होतो. माझ्या कामात याहून परिणामकारक गोष्ट मला अजून सापडलेली नाही, आणि तिला खर्च येतो रद्दी कागदाच्या तुकड्यांचा.

मागच्या सीटवरच्या मुलांविषयीही थोडे. 'घरी प्रेम मिळत नाही म्हणून छळतो' हे वाक्य आपण फार सहज फेकतो. काहींच्या बाबतीत ते खरे असते. पण मी पाहिलेली बरीच मुले चांगल्या घरातली, हुशार, फुटबॉलच्या संघातली, शिगम्याच्या रोमटामेळात पुढे नाचणारी, शिक्षकांची लाडकी. त्यांना माणसांची नस कळते, कोणाला काय लागेल हे ती नेमके ओळखतात. त्यामुळेच शिक्षकांचा विश्वास बसत नाही. तुम्ही नाव सांगाल तेव्हा "तो? तो तर आमचा मॉनिटर!" हे ऐकण्याची तयारी ठेवा आणि तिथे चिडू नका. विचारल्यावर ही मुले काय म्हणतात? "टीचर, तोय हांसतालो." तोही हसत होता. ते खरेच असते, तुमचा मुलगाही हसत असणार. बॅग हवेत असताना हसण्यावाचून दुसरे काय करणार तो? छळणाऱ्याला ते हसू म्हणजे परवानगी वाटते. तिथे मी त्याला दोषी ठरवत बसत नाही. पाळीचा प्रश्न विचारते: "शेवटची तुझी बॅग कधी फेकली होती?" उत्तर बहुधा येत नाही.

आता त्या नावाकडे वळते, कारण 'इसलँड'ची गोष्ट निव्वळ चिडवण्याची नाही. गोव्यात मुले मराठी किंवा कोंकणी प्राथमिक शाळेतून येतात आणि पाचवीत एकदम सगळे विषय इंग्रजीत सुरू होतात. शेजारच्या बाकावर पहिलीपासून इंग्रजीत शिकलेले मूल. पाचवीच्या जून-जुलैत जो उच्चार चुकतो त्यात बुद्धीचा प्रश्न नसतो. देवनागरीत जसे लिहितो तसे वाचतो, ती सवय पक्की असल्याचा तो पुरावा. 'एस' लिहिलाय तर वाचणारच! पण त्या क्षणी वर्ग हसतो, आणि टीचर काय करतात यावर पुढची पाच वर्षे ठरतात. टीचरही हसले, तर त्या नावावर शाळेचा शिक्का बसतो. मुलाला विचारून बघा, त्या दिवशी टीचर हसले होते का. विचारताना त्याचा चेहरा बघा.

गोवा बालक कायदा २००३ चा. त्याने शाळेतली छडी बंद केली. जिभेची छडी अनेक ठिकाणी चालूच आहे, "ए लंबू, उठ", "तुझ्या डोक्यात काय नारळाची सोडणं भरलीत?" मुले हे शब्द टिपतात आणि मधल्या सुट्टीत वापरतात. चार-पाच शिक्षक तरी हे वाचून माझ्यावर रागावतील, रागावोत.

एक कडू गोष्ट इथेच सांगते, कारण ती तुमच्याही घराशी संबंधित असू शकते. उच्चारावरून हिणवली गेलेली आपली मराठी शाळेतली मुलेच कधी कधी, आईबाप कर्नाटकातून किंवा घाटमाथ्यावरून कामाला आलेल्या मुलाला 'घाटी' म्हणतात. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, अगदी सहज. घरात मोठी माणसे तो शब्द वापरतात, मुले तो शाळेत नेतात. जे मूल एका बाकावर सोसते, ते दुसऱ्या बाकावर देतही असेल. आरोप म्हणून नव्हे, पण मुलाशी बोलताना हेही विचारा. पाळीचा नियम त्यालाही लागू आहे.

मुलींविषयी तुम्ही विचारलेले नाही, म्हणून दोनच ओळी. तिथे बॅग फेकली जात नाही, जागा काढून घेतली जाते. चौघींचा ग्रुप एका सोमवारी तिघींचा होतो, कारण सांगत नाहीत. शिक्षकांना काहीच दिसत नाही, कारण घडलेले काही नसते, न घडलेले असते. धाकटी मुलगी असेल तर ध्यानात ठेवा.

मोबाइलवर थोडे थांबू या. स्टिकर ही नवी पिडा आहे. चिडवणे पूर्वी शाळा सुटली की सुटायचे, आता ते उशाशी येऊन झोपते. पण यात पालकांची एक सवय घात करते: कळले की आधी फोन काढून घेणे. मुलांना हे पक्के माहीत असते आणि न सांगण्याचे ते एक मोठे कारण असते. शिक्षा पुन्हा त्यालाच. आजच त्याला शब्द द्या की फोन घेणार नाही. स्टिकरचे आणि आजूबाजूच्या संदेशांचे स्क्रीनशॉट तारीख दिसेल असे काढून तुमच्या फोनवर ठेवा. ग्रुपमध्ये तुम्ही काही लिहू नका, त्यालाही लिहायला सांगू नका. तुमच्या एका वाक्याचाही स्टिकर होईल, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त फिरेल.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते.

आज रात्री जेवण झाल्यावर, दिवा जरा मंद असताना, समोर न बसता शेजारी बसून बोला. स्कूटरवर मागे बसवूनही चालेल. डोळ्याला डोळा नसला की मुलगे जास्त बोलतात, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. "मला आधी का नाही सांगितलेस" हे म्हणू नका, "दुर्लक्ष कर" तर अजिबात नको. चार वर्षे तो दुसरे काय करत होता? म्हणा: "मी तुला न विचारता शाळेत जाणार नाही. पण हे असेच चालू द्यायचे असेही मी ठरवणार नाही. काय झाले म्हणजे तुझा बसमधला प्रवास निम्म्याने बरा होईल?" आपण मोठी माणसे न्याय मागतो: कोणी केले, शिक्षा काय. मुलाला उद्या कुठे बसायचे याची चिंता असते. आधी त्याची चिंता मिटवा, न्यायाचे नंतर बघू. तो म्हणेल, पुढे ड्रायव्हरजवळ बसायला मिळाले तर. किंवा, अमुक स्टॉपवर चढणारा मित्र शेजारी असला तर. जे म्हणेल ते कितीही लहान वाटले तरी कागदावर घ्या.

आठ-दहा दिवस वहीत नोंद करा. तारीख, वेळ, जागा, काय झाले, कोण कोण बघत होते. विशेषणे नकोत. "फार त्रास देतात" यावर शाळा काही करू शकत नाही. "सोमवारी, बुधवारी आणि गुरुवारी दुपारच्या फेरीत, अमुक नाक्यानंतर, बॅग मागे टाकली, वही भिजली" यावर करू शकते. या नोंदींत बहुधा एक ठरावीक जागा आणि वेळ निघते. माझ्या शाळांत पावसाळ्यात हे प्रकार वाढतात, कारण मैदान बंद, पीटीचा तास वर्गातच, आणि सगळी ताकद चार भिंतींत कोंडलेली.

मग क्लास टीचरना भेटा, हेडमास्तरांना लगेच नको. शाळा सुटल्यावर, मुलासमोर नाही, पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, सभेत तर मुळीच नाही. शाळेत समुपदेशक येत असतील तर त्यांनाही त्याच वेळी बोलवा. तक्रारीच्या सुरात न जाता मागणी घेऊन जा. बालरथावर चालकासोबत मदतनीस असतात. त्यांनी महिनाभर पुढे न बसता मधल्या सीटवर बसावे, सगळ्या मुलांच्या जागा नव्याने ठरवाव्यात, म्हणजे एकाचीच बदलली असे दिसणार नाही. स्टिकर ज्यांच्या फोनवरून निघाला त्यांच्याशी एकेकटे बोलावे, पालकांसह, आणि तुमच्या मुलाचे नाव तक्रारदार म्हणून न घेता. शिक्षकांना ते सहज जमते, कारण स्टिकर तीस जणांनी पाहिला आहे, सांगणारा कोणीही असू शकतो. असेंब्लीत नैतिक भाषण नको. आणि निघण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख ठरवून घ्या. तारीख न ठरवता निघालात तर विषय तिथेच मिटेल.

त्या मुलांच्या घरी जाऊ नका. शहरात कदाचित चालेल, आपल्या गावांत नाही. ज्याच्या दारात जाल तो देवस्थानच्या समितीत तुमच्या दिरासोबत असेल, नाहीतर वहिनीच्या माहेरचा निघेल. गणेशचतुर्थीला सगळे एकाच माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली, बसणार. मग मुलाचा प्रश्न बाजूला पडतो, दोन घरांचा मान उभा राहतो, आणि कोणीतरी म्हातारे माणूस "पोरांचं मनावर घ्यायचं नसतं" म्हणून सगळे झाकून टाकते.

क्लास टीचरनी दोन आठवड्यांत काहीच केले नाही, तर हेडमास्तरांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वहीतल्या नोंदी सोबत जोडा. कागद आला की शाळा हलते. गोवा बालक कायद्यातली बालअत्याचाराची व्याख्या बरीच रुंद आहे, मुलाची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठा शब्दाने किंवा कृतीने कमी करणेही त्यात येते. काही पालक हे वाचून थेट पोलिसांत जातात. माझे मत विचाराल तर, गंभीर इजा, खंडणी किंवा लैंगिक स्वरूपाचा प्रकार नसेल तर तो शेवटचा रस्ता ठेवा. समोरची मुलेही अल्पवयीन आहेत, प्रकरण बालन्याय मंडळापुढे जाते, आणि तोवर दोन्हीकडची मुले दहावी होऊन हायर सेकंडरीला गेलेली असतात. लैंगिक फोटो वा स्पर्शाचा प्रकार असेल तर मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारकच आहे, तिथे शाळेलाही 'मिटवायची' मुभा नाही. मध्यरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६, दोन्ही चोवीस तास चालतात. झोप, भूक, अभ्यास तिन्ही कोलमडले असतील तर बांबोळीच्या मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. तिथे जायला लाजू नका, तिथल्या रांगेत शाळेच्या गणवेशातली मुले मी नेहमी पाहते.

बऱ्याच जणांना वाटते की हा आपल्याच शाळेचा कलंक आहे, म्हणून एक आकडा. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात साधारण तिघांतल्या एका विद्यार्थ्याला मागच्या महिनाभरात एकदा तरी असा त्रास झालेला होता. उपाय करता येतात हेही दिसले आहे. शाळेतच कार्यक्रम राबवण्याचा एक प्रयोग आधी गोव्यातल्या शाळांत करून पाहिला होता. पुढे बिहारच्या नालंदा जिल्ह्यात नववीच्या मुलांसाठी तसाच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. काही शाळांत तो तिथल्याच शिक्षकांनी चालवला, काहींत त्याच कामासाठी नेमलेल्या, व्यावसायिक समुपदेशक नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी. दुसऱ्या गटात शाळेचे वातावरण सुधारले, छळ आणि नैराश्य कमी झाले. शिक्षकांच्या गटात फरक पडला नाही. मला यात शिक्षकांचा दोष वाटत नाही. पोर्शन, पेपर, निवडणुकीची ड्युटी यांतून उरलेल्या माणसाकडून किती अपेक्षा करायची? पण शाळेत या कामासाठी वेगळे माणूस हवे, हे पीटीएच्या सभेत मागण्यासारखे आहे. तिथे मुलाचे नाव न घेता जरूर मागा.

त्याने तुम्हाला विचारले, "आवय, दहावी जाली की सुटतलों न्ही?" असे तुम्ही शेवटी लिहिलेत. आई, दहावी झाली की सुटेन ना? तो दिवस मोजतो आहे. अकरावीला शाळा बदलेल आणि नावही बहुधा मागे राहील, ते खरे आहे. पण मध्ये दीड वर्ष आहे, म्हणजे बालरथाच्या सहाशेहून जास्त फेऱ्या.

म्हणून आज त्याला एवढेच विचारून बघा, बसमध्ये शेजारी बसलेला चालेल असा एक तरी कोण आहे? नाव मिळाले की मला कळवा, पुढचे त्या नावापासून सुरू करू.